धुक्याचा दर

४ नोव्हेंबर

बारक्या,

आशीर्वादाची वाट पाहू नकोस. पाकीट उघडलंस म्हणून मी खूश झाले असंही समजू नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पोस्टमनने दार वाजवलं की साडेसहा फुटी माणसालाही उठावं लागतं.

काम एकच आहे. जानेवारीत आम्ही गोल्फला जातोय. नेहमीचं समुद्राकाठचं ठिकाण, नेहमीसारखे तीन दिवस. मागच्या हिवाळ्यात गेलो नाही, त्याला कारण तू. पण तुझ्या रुसव्यापायी मी जन्मभर घरात बसणार नाही. अडचण एवढीच की तिथल्या लोकांनी नवा नियम काढलाय. सकाळी सातची पहिली वेळ अर्ध्या पैशांत मिळते, कारण तेव्हा समुद्रावरून धुकं येतं आणि पैसेवाल्यांना धुक्यात खेळणं सोसत नाही. याला ते ‘धुक्याचा दर’ म्हणतात. पण तो फक्त पूर्ण चौकडीला. तिघं गेले तर तिघांनाही पूर्ण पैसे! मी बुकिंगच्या बाईला विचारलं, "अहो, तिघं गवत कमी तुडवतात, मग पैसे जास्त का?" तर म्हणाली, "मॅडम, सिस्टीम घेत नाही." जगातली सगळी अक्कल आता त्या सिस्टीममध्ये जाऊन बसली आहे.

तिघं म्हणजे मी, तुझे भावोजी आणि घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले आपले घड्याळजी. चौथा तू. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातला हरी मी आहे, एवढं लक्षात ठेव.

मी तुला माफ केलेलं नाही. तू नुसता चौथा आहेस, गाडीच्या चौथ्या चाकासारखा. बोलायची गरज नाही. माझ्याशी तर नाहीच. ये, खेळ, अर्धे पैसे भर आणि जा.

पंधरवड्यात कळव. अक्षर मोठं वाटलं तर कागद मोठा घेतलाय म्हणून.

केवळ नात्याने तुझी,
ताई


१८ नोव्हेंबर

बारक्या,

पंधरवडा झाला. ‘येतो’ किंवा ‘येत नाही’, दोन्ही एका कार्डावर मावतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळायला वेळ असतो, एक ओळ लिहायला नाही.

तू मनात म्हणत असशील, ताईनेच मला घालवलं आणि आता बोलावते. चोराच्या उलट्या बोंबा! म्हणून काय घडलं ते एकदाच लिहून काढते.

आपण तळ्यातून काढलेले जुने बॉल पिशवीभर घेतो. सगळे एकाच कंपनीचे, सगळे सारखे, म्हणून खुणा. भावोजींची फुली, घड्याळजींचा भिंगाशिवाय न दिसणारा आकडा, तुझा एक निळा ठिपका आणि माझे दोन. पेन माझ्या लॅबमधलं, काचपट्ट्यांवर लिहायचं, स्पिरिटशिवाय न निघणारं. शेवटचा होल होता आणि आपण दोघं बरोबरीत होतो. दोघांचेही बॉल उजवीकडच्या उंच गवतात गेले. माझा मला आधी सापडला. मी वाकले आणि दोन ठिपके पाहिले. पाहिले म्हणजे पाहिले! छत्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या. मला एक आणि दोन कळत नाहीत? मग मी फटका मारला. बॉलखाली दगड होता, काठी खणकन वाजली, घड्याळजींनी कानांवर हात ठेवले, पण बॉल थेट होलभोवतीच्या ग्रीनवर गेला. तुझा बॉल सापडलाच नाही. तू दंड घेतलास, नवा बॉल टाकलास, हरलास. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग होलमधून माझा बॉल काढायला कोण वाकलं? तू. आणि भावोजींनी तो तुझ्या हातातून घेऊन पाहिला तर काय? एका ठिपक्याचा बॉल! घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "एकच आहे हो." म्हणजे मी दुसऱ्याचा बॉल मारला, म्हणजे मला दोन फटक्यांचा दंड, म्हणजे तू जिंकलास. किती सोयीचं! हातातल्या हातात बॉल बदलायला वेळ लागतो किती? मी म्हटलं, खिसा दाखव. तू उजवा हात खिशात खुपसून खांबासारखा उभा राहिलास. लाल झालास, पण हात बाहेर काढला नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची! माझा दोन ठिपक्यांचा बॉल त्या खिशात होता, हे तिथल्या गवतालासुद्धा कळलं असेल.

त्यानंतर मी दोन शब्द बोलले असेन. रागात माणूस बोलतो. तू पिशवी उचललीस आणि बसने निघून गेलास.

तो एका ठिपक्याचा बॉल मी पुरावा म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. आणि दर वर्षी जिंकणाऱ्याला मिळणारा तो चेपलेला थर्मास माझ्याच कपाटावर आहे. तिथेच राहील.

ताई


१ डिसेंबर

बारक्या,

उत्तर नाही. हरकत नाही. आपल्या घरात उंची तुला मिळाली आणि चिकाटी मला.

बाकीची आखणी झाली आहे ती कळवते, म्हणजे नंतर ‘मला सांगितलं नाही’ म्हणायला नको. हॉटेल नको. मैदानामागच्या अवजारांच्या शेडवर दोन खोल्या आहेत, खाली गवत कापायची यंत्रं, वर आपण. पेट्रोलचा वास येतो म्हणून कोणी घेत नाही, म्हणून परवडतात. एका खोलीत मी आणि भावोजी, दुसरीत तू आणि घड्याळजी. ते घोरतात, पण अगदी वेळेवर.

गाडी भावोजींचीच, ड्रायव्हिंग शिकवायची, दोन्हीकडे ब्रेक असलेली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी बाजूला बसून अजून पाय दाबतात. या वेळी गाडी तू चालवायची. त्यांचा गुडघा धरलाय आणि मला आता गाडी चालवायचा कंटाळा येतो. गेटच्या खांबाचं तुझ्या कानावर आलं असेल, तर तो खांब आधीपासूनच वाकडा होता.

घड्याळजींना अकराची वेळ हवी आहे. पूर्ण पैसे पडले तरी चालतील म्हणतात. हे म्हणणारा माणूस कोण, तर जो चहाचा कागदी कप धुऊन परत वापरतो! म्हणे धुक्यात बॉल दिसत नाही. मी म्हटलं, धुक्यात कोणालाच दिसत नाही, सगळे सारखे. स्वस्त आणि न्यायाचं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. घड्याळं उघडून बघायची सवय लागली की माणसं माणसांनाही तशीच बघतात.

तुझ्याशिवाय अडलेलं नाही हेही कळवते. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटला सरावाच्या मैदानावर नेऊन पाहिलं. तो फटका मारताना बोलतो, मारल्यावर बोलतो, आणि दुसऱ्याचा बॉल कुठे पडला तिकडे त्याचं लक्षच नसतं. वीस मिनिटं मी एकटी गवत चिवडत होते. तू निदान बघायचास. बॉल हवेत असेपर्यंत ती तुझी बेसूर शीळ, आणि पडला की, "ताई, झुडपाच्या डावीकडे, चार पावलं." तेवढं एक तुला यायचं.

पाठीचं म्हणशील तर बरी आहे. पाठीसाठी सहा महिने आधी निवृत्त झाले ते चांगलंच झालं.

ताई


११ डिसेंबर

प्रिय बारक्या,

हे अक्षर माझं, म्हणजे तुझ्या भावोजींचं. ती बोलते आहे आणि मी लिहितो आहे. मनगट दुखतंय म्हणते.

ती म्हणते, लिही: वीस तारखेपर्यंत चार नावं कळवली नाहीत तर सात वाजताची वेळ जाईल. लिही: त्याला म्हणावं, तुझ्यासारखा हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही. (हे लिहिताना मी हसलो. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, शिंक आली.)

ती म्हणते, लिही: मला त्याच्या माफीची गरज नाही, त्याने नुसतं कबूल करावं की बॉल बदलला.

आता ती सांगते आहे बुकिंगच्या बाईबद्दल, बराच वेळ सांगेल. तेवढ्यात मी माझं लिहून घेतो. हे ती वाचणार नाही, कारण तिला वाचता येत नाहीये. मनगट ठणठणीत आहे रे. परवा तिने चहा कपाच्या शेजारी ओतला आणि कपालाच ओरडली. टीव्हीवरच्या बातम्या जवळ जाऊन ऐकते. रस्त्यावरच्या दिव्यांना म्हणते, हल्ली दोन-दोन का लावतात. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मी तीनदा घेतली. तिन्ही वेळा तिने फोन करून रद्द केली. मी विचारलं, "अगं, भीती वाटते का?" तर माझ्यावरच खेकसली, "मला कशाची भीती?" मला वाटतं, डॉक्टरने डोळा खराब आहे असं सांगितलं तर त्या दिवशी कोण चुकलं ते ठरून जाईल, म्हणून ती जात नाही. आंधळी होईल, पण चुकणार नाही. तुझी बहीण आहे, तुला वेगळं काय सांगू.

तू रागावला आहेस, आणि ते बरोबरच आहे. ती काय बोलली ते मी ऐकलंय. पण दोन वर्षांत तुझं नाव काढल्याशिवाय तिने एकही दिवस सोडला नाही. रोज तुझ्यावर चिडते. दुसऱ्या कोणावर एवढं चिडत नाही, माझ्यावरसुद्धा नाही.

ती विचारते आहे, "लिहिलंत का सगळं?" मी म्हटलं, शब्द न् शब्द.

भावोजी


२२ डिसेंबर

बारक्या,

तुझं खोकं मिळालं.

भावोजींनी उघडलं. कापसातून बॉल निघाला. त्यांनी हातात घेतला आणि म्हणाले, "दोन ठिपके आहेत." मी टाळी वाजवली! खरंच वाजवली. दोन वर्षांनी का होईना, चोरी कबूल केलीस असं मला वाटलं. मग त्यांनी तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. तीन ओळी. "ताई, हा तुझा बॉल. तू माझा मारलास त्यानंतर मला हा गवतात सापडला. खिसा दाखवला असता तर मी चोर ठरलो असतो, खरं सांगितलं असतं तर घड्याळजींच्या तोंडून तुझ्या डोळ्यांची गोष्ट लॅबपर्यंत गेली असती, आणि तुझी नोकरी आठ महिने उरली होती."

खोटं! मी म्हटलं, खोटं, ही गोष्ट त्याने दोन वर्षं बसून रचली. भावोजींनी ड्रॉवरमधून दुसरा बॉल आणला, माझा पुराव्याचा, आणि दोन्ही माझ्या दोन हातांत दिले.

माझ्यासारख्या बाईला हे दोन वर्षांत सुचू नये! मी मारलेल्या बॉलखाली दगड होता. खणकन वाजलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. त्या बॉलवर घाव असणारच. मी अंगठा फिरवला. तू पाठवलेला, दोन ठिपक्यांचा, गुळगुळीत आहे. ड्रॉवरमधल्या, एका ठिपक्याच्या बॉलला नखभर चीर आहे आणि त्या चिरेत अजून वाळूचे दोन कण आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तुझाच बॉल मारला. तू काही बदललं नाहीस. पुरावा माझ्याच घरात, माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होता आणि मी तो तुझ्याविरुद्ध जपत होते.

आता ऐक, कारण मी प्रचंड चिडले आहे.

तुला कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी रक्त मोजत होते, बारक्या. लोकांचं रक्त. तुला कळलं होतं की ताईला एकाचे दोन दिसतात, आणि तू माझ्या नोकरीचा विचार करून गप्प बसलास? त्या काचपट्ट्यांमागे माणसं असतात, तापाने फणफणलेली, त्यांचा विचार कोण करणार? आणि भावोजी! पत्रात माझ्या पाठीमागे लिहिलं हे आज कबूल करतात, आणि तेव्हा शिंक आली म्हणत होते. तुम्ही दोघांनी मिळून मला काचेचं भांडं करून टाकलंत.

आणि ऐक, मी पण लपवलं. आपण परतलो त्याच आठवड्यात मी माझ्या हाताखालच्या मुलीला माझ्या दहा पट्ट्या परत मोजायला लावल्या. सातांत फरक निघाला. सात, बारक्या. त्या दिवसापासून मी एकही पट्टी एकटीने मोजली नाही. मागच्या महिन्याभराच्या जुन्या पट्ट्याही तिच्याकडून परत मोजून घेतल्या. नशीब, ज्यावरून कोणाचं औषध ठरावं अशी एकही नव्हती. दोन महिन्यांनी मी पाठदुखीचा अर्ज दिला. पाठीला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं होतं की मला एकाचे दोन दिसतात. परक्या माणसांपाशी मी इमानदार राहिले आणि तुला दोन वर्षं चोर ठेवलं, कारण तुझ्यासमोर चुकणं मला जमेना.

त्या दिवशी मी जे बोलले ते दोन शब्द नव्हते. घड्याळजींसमोर, भावोजींसमोर मी म्हणाले, "लहानपणापासून याचा हात असाच चालतो." लहानपणी तुझा हात कधीच चालला नाही. आईच्या डब्यातले पैसे मी घेतले होते आणि मार तू खाल्लास. तेव्हाही तू गप्पच बसलास. तुझ्या या गप्प बसण्याचा मला संताप येतो! एकदा तरी ओरडला असतास तर मी इतकी वाईट झाले नसते.

उद्या डॉक्टरकडे जाते आहे. या वेळी फोन भावोजींनी लपवून ठेवलाय.

ताई


१२ जानेवारी

बारक्या,

हे अक्षर माझं आहे. लहान आहे, बघ.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, "यात एकाचे दोन दिसतात, इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, भांडत होते. तीस तारखेला ऑपरेशन झालं. डावा डोळा मार्चमध्ये.

पट्टी बांधून बाकावर बसवलं होतं तेव्हा जिन्याजवळ कोणीतरी शीळ घालत होतं. अत्यंत बेसूर. मी भावोजींना विचारलं, कोण आहे? म्हणाले, "कोणी नाही, लिफ्टचं काम चाललंय." त्या दवाखान्याला लिफ्टच नाही, बारक्या! तळमजल्यावर दवाखाना आहे. दोन तास बसलास आणि पट्टी काढायच्या आत पळालास. येऊन न भेटता जाणं याला काय म्हणायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तो पीळ माझ्यापेक्षा तुझ्यात जास्त आहे.

गोल्फचं सांगते. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला मनाई केली, म्हणून तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यावर नेली. तुला न विचारताच तुझं नाव घालून धरून ठेवलेली सातची वेळ मी सोडली. धुक्याचा दर मला आता नको. अकराची घेतली, पूर्ण पैशांची, उन्हातली. बुकिंगची बाई म्हणाली, "मॅडम, मग तिघं आलात तरी चालेल, दर तोच." मी म्हटलं, "चौघं. चार नावं लिहा." तिने विचारलं, चौथ्यांचं नक्की आहे का? मी म्हटलं, ते तुमच्या सिस्टीमला विचारा.

म्हणजे तुला आता समजलं असेल. पैशांसाठी चौथा लागत नाही. कारण उरलेलं नाही. तरी बोलावते आहे.

घड्याळजींना मी सगळं सांगितलं, दुकानात जाऊन, दोन गिऱ्हाइकांसमोर. चोर तू नाहीस हे त्यांच्या तोंडून गावभर जाऊ दे, त्यांच्या त्या तोंडाचा एकदा तरी उपयोग होईल. ते म्हणाले, एका ठिपक्याच्या बॉलवरची ती चीर मला भिंगातून तेव्हाच दिसली होती. मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

थर्मास पुसून ठेवलाय. तुझा आहे तो. दोन फटके दंड धरले की तू एकाने जिंकलास. हातात देईन, पोस्टाने पाठवणार नाही. हवा असेल तर यावं लागेल.

बॉल मीच रंगवले या वेळी. तुझा एक ठिपका, माझे दोन, दोन्ही आता मला नीट दिसतात. पण डावा डोळा अजून तसाच आहे आणि लांबचं धूसर दिसतं, तेव्हा माझा बॉल कुठे पडतो ते तुलाच बघावं लागेल. गवतात गेला तर शोध. आणि सापडला तर खिशात घालू नकोस, मेल्या. ओरड. सगळ्यांसमोर, माझ्या नावाने, घसा फुटेस्तोवर ओरड.

तुझी,
ताई